तराफ्याच्या पानावरची शेवटची ओळ

झोप येते ती पायांकडून. आधी तळवे जड होतात, मग गुडघे, मग मांडीवरची वही.

दुपारचे अडीच वाजले आहेत. देवळात माघातला कीर्तन सप्ताह चालू आहे. आज रविवार, म्हणून बुवांनी कीर्तन सकाळीच लावलं, आणि मागून गव्हाच्या खिरीचा प्रसाद. मी घरी येऊन साडीसुद्धा न बदलता दिगूच्या खोलीत बसले आहे. दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन कऱ्हाडला या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई नसलेलं पोर. "वहिनी" म्हणायला लाजायचा, म्हणून दाराआड उभा राहून नुसतंच "अहो, भूक लागली" म्हणायचा. गेल्या चैत्रात कॉलेजच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही. एकावन्न वर्षांचा होता. लग्न केलं नाही. दिवसभर कॉलेजातले कंप्यूटर सांभाळायचा, कीर्तन असेल तेव्हा बुवांच्या मागं झांज धरायचा, आणि उरलेला सगळा वेळ या खुर्चीत.

समोर त्याचाच कंप्यूटर आहे. पडद्यावर इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातलं एक पान उघडं आहे. पानाचं नाव "तराफा".

तराफा हा न्याहाळक. लोक ब्राउझर म्हणतात त्याला. ज्यातून इंटरनेटवरची पानं बघायची ते साधन. हा कुणा कंपनीचा नव्हता. गावोगावच्या पाचसहा हौशी माणसांनी मिळून जुन्या, दमलेल्या कंप्यूटरांसाठी तो केला होता, आणि त्यातलं मराठी सगळं दिगूचं. चार वर्षं चालला आणि बंद पडला. त्याच्यावर ज्ञानकोशात लेख लिहिला तोही दिगूनंच. तो लेख त्यानं अकरा वर्षं सांभाळला. तुळशीला पाणी घालावं तसा, रोज थोडा.

तो गेल्यावर मी टाइप करायला शिकले. एका बोटानं का होईना. आणि लेखाच्या अगदी शेवटी एक ओळ घातली : "या तराफ्यास मराठी वाचा दिली ती कऱ्हाडच्या दिगंबर वाळिंबे यांनी." अभंगाच्या शेवटच्या चरणात संताचं नाव येतंच की. तसं.

"कवडा" नावाच्या कुणी संपादकानं दुसऱ्या दिवशी ती ओळ काढली. मी परत घातली. त्यानं परत काढली. असं पाच वेळा झालं. मग गेल्या सोमवारी त्यानं चर्चेच्या पानावर लिहिलं : लेख स्तुतिपर झाला आहे, बाहेरचा एकही संदर्भ नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सुधारणा न झाल्यास तो "बंद पडलेले न्याहाळक" या यादीत एका ओळीपुरता ठेवावा. आणि खाली मला शहाणपण : बदल करताना खालच्या चौकटीत कारण लिहीत चला, ती नेहमी रिकामी सोडता.

आज तो रविवार. शेवटची ओळ मी सकाळी कीर्तनाला जाण्यापूर्वीच सहाव्यांदा घालून ठेवली आहे. सुधारणा म्हणून लेखाची सुरुवातही माझ्या परीनं सजवली आहे. मांडीवर माझी आख्यानांची वही आहे. तीस वर्षं ऐकलेली कीर्तनं मी तीत उतरून घेतली आहेत. वहीच्या मधोमध घडी घातलेला एक कागद आहे. तो मी काढत नाही.

वर पंखा फिरतो आहे. थंडी आहे, पंख्याची गरज नाही, पण दिगू बारा महिने लावायचा. पात्याला कुठंतरी लागतंय. किण्. किण्. किण्. हे झांजेसारखं लागतंय असं मनात येतं, आणि मग ती झांजच असते.

"लय वाढवताय तुम्ही," दिगू म्हणतो. "मान हळू हलवा. मला तुमच्या मानेकडं बघून धरावी लागते."

तो पलंगावर बसला आहे. अंगात तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कोपराशी मीच रफू केलेला सदरा. झांज मांडीवर उपडी. मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. एवढंच वाटतं, की पलंगावरची चादर बदलायला हवी होती.

"कधी आलास?"

"तुम्ही लेखात 'श्रोतेहो' लिहिलंत, तेव्हाच उठून बसलो." तो हसतो. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो, अजूनही. "वहिनी, ज्ञानकोश आहे तो. सुरुवातीलाच 'श्रोतेहो, सावधान चित्त असावे' असं कोण लिहितं?"

"मग कशी करायची सुरुवात? नमन नको?"

"नको. आणि हे काय पुढं?" तो उठून माझ्या खांद्यावरून वाचतो. त्याच्या श्वासाला खोबरेल तेलाचा वास आहे. "'तराफा हा अत्यंत सालस, गुणी व कमी जागेत भागवून घेणारा न्याहाळक होय.' मुलगी दाखवायचीय का त्याची?"

मला हसू येतं. दहा महिने या खोलीत कुणी हसलेलं नाही.

"खोटं आहे का पण?" मी म्हणते. "होताच सालस."

"खरं असलं तरी आपण म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असेल, तर तो म्हणतो असं सांगायचं." तो माझ्या हाताखालून कळफलक ओढून घेतो. त्याची बोटं भराभर चालतात, पण आवाज कळांचा येत नाही, पेटीचा येतो. काळी चार पट्टीतला. "सालस" जातं. "गुणी" जातं. "श्रोतेहो" जाताना मला जरा वाईट वाटतं. एकेक शब्द पडद्यावरून सुटून खाली पडतो आणि फरशीवर पडल्या पडल्या झेंडूची पाकळी होतो.

फरशी देवळाची आहे.

आम्ही सभामंडपात आहोत. रामापुढची समई लागली आहे, आणि खांबाखांबांना दिगूच्या खोलीतल्या तारा गुंडाळल्या आहेत. बुवा उभे राहतात त्या जागेवर कंप्यूटरचं टेबल आहे. समोर सतरंजीवर माणसं बसली आहेत, पण त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. प्रत्येकाच्या पुढ्यात चपलांच्या जागी त्याचं नाव ठेवलेलं आहे. रानवारा. कोकमसरबत. मी_पुणेकर. अशीही नावं असतात त्या ज्ञानकोशात, दिगू जेवताना सांगायचा. शेवटच्या रांगेत, दाराशी, कानटोपी घातलेला एक जण आहे. त्याच्या पुढ्यात नुसतं "कवडा".

"हाच मेला," मी दिगूच्या कानाशी म्हणते.

"हळू. ऐकू जातं त्याला."

"जाऊ दे की. पाच वेळा पुसलं त्यानं तुला. पाच वेळा!"

कानटोपीवाला हात वर करतो. एकच शब्द म्हणतो, फार अदबीनं : "संदर्भ?"

सगळा मंडप माझ्याकडं बघतो. मी वही छातीशी धरते.

"सांगा," दिगू म्हणतो. "तराफ्याबद्दल काय काय माहिती आहे तुम्हाला?"

मला सगळंच माहीत आहे. मी उभी राहते आणि सांगायला लागते. आमचा जुना कंप्यूटर दुसऱ्या कशानं चालायचाच नाही, तराफ्यानं चालायचा. मी त्यावर दूरदूरच्या बुवांची आख्यानं शोधायची, अक्षर मोठं करून. मागे जायच्या खुणेला दिगूनं "मागे" एवढंच लिहिलं होतं, आणि वाचायचं राहिलेलं पान राखून ठेवायचं त्याला "दोरा". पोथीत आपण दोरा घालतो तसा. आणि इंटरनेट बंद पडलं की पडद्यावर काय यायचं ते तर मला पाठ आहे. त्याआधी एकदा तो स्वयंपाकघरात येऊन विचारत होता, "वहिनी, ऐन कीर्तनात वीज गेली की तुम्ही पहिल्या रांगेतनं काय ओरडता हो?" मी म्हटलं, "ओरडते कसली? म्हणते, थांबा जरा, दिवा येतोय." पुढच्या आठवड्यात वायर निघाली आणि पडद्यावर हेच आलं :

थांबा जरा. दिवा येतोय.

मी पोळी लाटताना हातातलं लाटणं घेऊन तशीच बघत उभी राहिले होते.

हे सगळं मी मंडपात सांगते. संपल्यावर कानटोपीवाला पुन्हा म्हणतो, पहिल्यापेक्षाही हळू, "संदर्भ?"

"मी आहे की!" मी म्हणते. "मी डोळ्यांनी बघितलंय! घरात घडलंय माझ्या!"

"घरातलं चालत नाही, वहिनी," दिगू म्हणतो. "छापलेलं लागतं. बाहेरच्यानं लिहिलेलं. कडक नियम आहे, पण चांगला आहे. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या घरचं घालेल."

"मग कुणी लिहिलंच नसेल बाहेर, तर काय करायचं?"

तो माझ्या छातीशी धरलेल्या वहीकडं बघतो. मी वही आणखी घट्ट धरते.

"वहीत काय आहे?"

"आख्यानं आहेत."

"मधे."

"काही नाही मधे."

"वहिनी." तो नऊ वर्षांचा होतो. दाराआड उभा आहे, चड्डीच्या खिशात हात. "अहो. मला दिसतंय."

त्या वयाच्या दिगूला मी कधी काही नाही म्हटलेलं नाही. मी वही उघडते. घडीचा कागद निघतो. वर्तमानपत्राचं अर्धं पान, पिवळं पडलेलं. "जुन्या संगणकांना जीवदान देणारा तराफा." तारीख आहे, लिहिणाऱ्याचं नाव आहे, सगळं आहे. तराफा कसा चालतो, मराठी शब्द किती साधे आहेत, वीज गेल्यावर देवळात म्हणतात तसं वाक्य त्यात कसं येतं, सगळं छापलेलं आहे. मीच कापून ठेवलं होतं तेव्हा.

"हे तुमच्याकडं होतं?" तो मोठा झाला आहे. आवाजात राग नाही, हेच मला सोसत नाही. "सोमवारपासून?"

"तेरा वर्षांपासून."

"मग द्यायचं नाही का? याच्यावर लेख तरतो की."

"तुझं नाव नाही त्यात," मी म्हणते.

ते म्हणताना माझा आवाज मंडपात घुमतो. झेंडूच्या पाकळ्या सरकतात.

"पूर्ण अर्धं पान लिहिलंय रे मेल्यानं, आणि तुझं नाव नाही. 'काही हौशी स्वयंसेवकांनी' म्हणे. हौशी! रात्र रात्र जागलास, चष्म्याचा नंबर वाढवून घेतलास. हा कागद दिला की लेख राहील, आणि शेवटच्या ओळीला कुठंच आधार नाही हेही छापील होऊन जाईल. मग कवड्याला काढावीच लागेल ती. म्हणून नाही दिला. बुडू दे म्हटलं. तुझ्या नावाशिवाय राहून तरी काय करायचंय त्या लेखाला?"

तो माझ्या हातातून वही घेतो, बंद करतो आणि बगलेत धरतो. म्हणतो, "चला, पाय मोकळे करू."

आम्ही मंडपाच्या मागच्या दारानं बाहेर पडतो, तर घाट आहे. संगमावरचाच, पण पायऱ्या फार. प्रत्येक पायरीवर तारीख आणि वेळ कोरलेली आहे आणि एखादं वाक्य. वरच्या पायऱ्यांवर माझं नाव आहे आणि पुढं काहीच नाही, नुसता कोरा दगड. सहा कोऱ्या पायऱ्या. मधे मधे कवड्याच्या. नंतर सगळ्या दिगूच्या.

"इतिहास म्हणतात याला," तो म्हणतो. "लेखाच्या पानावर वर असतो. तुम्ही कधी उघडलाच नाहीत. जपून, शेवाळ आहे."

मी त्याचा दंड धरते. दंड ऊबदार आहे. आम्ही उतरतो. "दोन शब्द सुटसुटीत केले." "तारीख दुरुस्त." "वहिनी म्हणाल्या हे वाक्य कळत नाही, सोपं केलं." मी त्या पायरीवर थबकते.

"मी म्हटलं होतं असं?"

"तुम्ही भाकरी थापताना वाचून दाखवायचो ना. तुम्हाला कळलं तर लेख बरा, असा हिशोब."

"आणि तिथं माझं नाव चालतं?"

"तिथं चालतं. पायरीवर. देवळाच्या पायरीवर नाव असतंच की. गाभाऱ्यात नसतं."

आणखी खाली एका पायरीवर कवड्याचं नाव आहे. तिथं लिहिलेलं वाचून मी उभीच राहते. त्यानं तराफ्याच्या लेखात शेवटी स्वतःच घातलं होतं : "हा न्याहाळक मी स्वतः वापरतो व तो मला फार आवडतो. आपला नम्र, कवडा, मेडिकलवाले, सांगली." आणि त्याच्या खालच्याच पायरीवर दिगूचं अक्षर : "नाव काढलं. लेखाला मालक नसतो. राग नसावा. चहा घ्यावा."

"आठ दिवस भांडला माझ्याशी," दिगू म्हणतो. "मग एक दिवस स्वतःच दुसऱ्याचं नाव काढताना दिसला. तिथं त्यानंही लिहिलं होतं, राग नसावा. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी झांज चुकवली. आठवतं? बुवांनी वळून बघितलं होतं."

आठवतं. मी घरी येऊन त्याला रागावले होते.

"म्हणजे तो माझ्याशी जे करतोय..."

"मीच शिकवलंय ते."

मी खाली बसते. दगड गार आहे. तोही माझ्या दोन पायऱ्या खाली बसतो, गुडघे जवळ घेऊन. कॉलेजच्या शिपायानं सांगितलं होतं, अगदी असेच बसले होते सर, वाटलं जरा दम खातायत.

"दुखलं का रे फार?" मी विचारते. दहा महिने हे कुणाला विचारता आलं नव्हतं.

"नाही हो. वाटलं, दोन मिनिटं बसावं." मग थोड्या वेळानं, "दादा खोलीत येत नाही ना?"

"नाही. दाराशी येतात. चौकटीला हात लावून परत जातात. तुझं नाव घेत नाहीत. घरात कुणीच घेत नाही आता. म्हणून म्हटलं, कुठंतरी लिहिलेलं राहावं. मी गेल्यावर कोण सांगणार, दिगू म्हणून कुणी होता? पोर नाही, बाळ नाही तुझं. एक ओळ मागत होते रे मी. एकच."

पाण्याचा आवाज येतो. समोरून कुणी जात नाही.

"एक विचारू?" तो म्हणतो. "कीर्तनाला बुवा उभे राहिले की आपण वाकून नमस्कार करतो. आपल्यापेक्षा वयानं लहान असले तरी. दादासुद्धा करतो. तो कुणाला असतो?"

"नारदाच्या गादीला. माणसाला नाही."

"आणि गादीवर उभं राहून बुवा कधी स्वतःचं नाव घेतात?"

तीस वर्षांच्या वहीत एकाही ठिकाणी बुवांनी स्वतःचं नाव घेतल्याचं नाही.

"अभंगाला नाव असतं, वहिनी. तो संतांचा मान. मी अभंग नव्हता लिहिला. मी मागं उभा राहून झांज धरली होती. झांजवाल्याचं नाव पत्रिकेतसुद्धा नसतं. पण ती चुकली की सगळ्यांना कळतं, हो ना?"

"मला कळायचं," मी म्हणते. "बरोबर असली तरी कळायचं."

"मग झालं की."

आता आम्ही पुन्हा मंडपात आहोत. पूर्वरंग संपला आहे. कुणीतरी हार आणतं, कुणीतरी बुक्क्याची वाटी फिरवतं. दर कीर्तनात याच वेळी मी वाटी घेऊन वादकांकडं जायची आणि दिगू दर वेळी कपाळावर हात धरायचा. "मला नको. देव मानत नाही आणि टोपीला काळं लागतं." आज त्यानं हात धरलेला नाही. कपाळ पुढं केलं आहे. मी अंगठ्यानं बुक्का लावते. अंगठा जरा जास्तच वेळ टेकवते.

"आता तुम्ही पुसा," तो म्हणतो. "दुसऱ्या कुणी पुसण्यापेक्षा."

पडद्यावर ती शेवटची ओळ आहे. मी शेवटून पुसायला लागते. "यांनी" जातं. "वाळिंबे" एकेक अक्षर करून जातं. "दिगंबर"पाशी मी थांबते. या नावाच्या हाका मी जिन्यावरून मारल्या आहेत, गच्चीवरून मारल्या आहेत, गेल्या चैत्रात दवाखान्याच्या बाकावर बसून मनातल्या मनात मारल्या आहेत.

"पुसा, वहिनी. नाव पुसलं तर मी पुसला जात नाही."

"तुला काय जातं सांगायला," मी रडत रडत म्हणते. "तू मेलायस."

तो मोठ्यानं हसतो. डावा डोळा आधी मिटतो. मंडपातली नावांची माणसंही हसतात, दाराशी कानटोपीवालाही. आणि त्या हसण्यात मी पुसते. ओळ जाते. त्या जागी कोरं दिसतं, स्वच्छ, सारवल्यासारखं.

दिगू झांज उचलतो आणि घाटाच्या दाराकडं चालायला लागतो.

"उत्तररंग व्हायचाय अजून!" मी म्हणते.

"तुम्ही ऐका. मी खाली जाऊन बसतो. शेवटच्या पायरीवर बरं वाटतं."

"काय आहे तिथं?"

तो वळतो. कपाळावर काळा ठिपका. "काही नाही. तिथं नुसतं लिहिलंय : या नावाचं पान अजून तयार झालेलं नाही." मग त्याला काहीतरी आठवतं. "आणि वहिनी, ती खालची चौकट रिकामी नका सोडत जाऊ."

वीज जाते. मंडप काळोखा होतो. मी पहिल्या रांगेतून सवयीनं ओरडते, "थांबा जरा, दिवा येतोय!" झांज लांब जाते. किण्. किण्.

पंखा आहे तो.

खोलीत उन्हाची तिरीप टेबलावर आली आहे. मान अवघडली आहे. वही मांडीवर आहे, मिटलेली. सव्वातीन वाजले आहेत. गालावर ओलं आहे, ते मी पदरानं पुसते आणि चष्मा चढवून पडद्याकडं बघते.

लेखात "श्रोतेहो" जागच्या जागी आहे. "सालस" आहे, "गुणी" आहे. मी खाली जाते. शेवटची ओळ नाही.

कवड्यानं काढली असणार. माझा जीव आधी चरफडतो, सवयीनं. मग वर "इतिहास" असा शब्द दिसतो. मी या पानावर इतके महिने येते आहे, तो कधी दाबलेला नाही. दाबते. पायऱ्या पायऱ्यांसारख्या ओळी उघडतात. सगळ्यात वरच्या ओळीवर आजची तारीख. वेळ, तीन वाजून चार मिनिटं. सदस्याचं नाव, माझं. आणि पुढं, माझ्या बाकी सगळ्या ओळींपुढं जिथं कोरं आहे तिथं, लिहिलेलं :

"नाव काढलं. राग नसावा. चहा घ्यावा."

मी एका बोटानं टाइप करते. सहा शब्दांना मला पाच मिनिटं लागतात. झोपेत मी हे कसं लिहिलं असेन, मला ठाऊक नाही. मी पडद्याला बोट लावून बघते. काच गरम आहे, एवढंच.

खाली अजून पुष्कळ ओळी आहेत. कवड्याची ती ओळ असेल का तिथं? मी आज उतरत नाही.

वही उघडते. घडीचा कागद काढते, मांडीवर सरळ करते. मग लेख उघडून "श्रोतेहो" पुसते, "सालस" पुसते. कागदावरून बघून बघून वर्तमानपत्राचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख घालते. "काही हौशी स्वयंसेवकांनी" हे शब्दही आहेत तसे घालते. हौशी. ते टाइप करताना बोट अडतं, पण घालते. उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरते, फरशीवर जाते. संध्याकाळ अजून झालेली नाही.

मागं चौकटीशी पावलं वाजतात. हे आहेत. नेहमीसारखा चौकटीला हात लावतील आणि परत जातील. मी वळून बघत नाही.

पावलं परत जात नाहीत.

"कुणाशी बोलत होतीस गं मघाशी?" हे विचारतात. आवाज खोलीच्या आतून येतो. हातात दोन कप आहेत, बशा नाहीत; यांना बशा कधी सापडत नाहीत. आजूबाजूला बघतात, पलंगाकडं, पंख्याकडं. कप कुठं ठेवावा ते यांना कळत नाही. मग टेबलाच्या कडेवर, दिगू ठेवायचा तिथंच, ठेवतात. तिथं लाकडावर जुना गोल डाग आहे. कप बरोबर त्यावर बसतो.

"दिगूशी," मी म्हणते.

हे पलंगाच्या कडेवर बसतात. चादर हातानं सारखी करतात.

"काय म्हणाला दिगू?" हे विचारतात.

मी "थांबा जरा" म्हणते. खालच्या चौकटीत एका बोटानं लिहिते : संदर्भ जोडला. जतन करते. मग कप उचलते.